गाळलेल्या पाण्यातला खांब

ही गोष्ट खरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणतातच. या पानावर रोज कुणाच्या तरी मामाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई भेटते, आणि त्या बाईला नेमकी लिफ्ट हवी असते. मी ते सगळं वाचतो आणि हसतो. माझ्या गोष्टीत साडी नाही, पैंजण नाहीत, अमावास्या नाही. रात्रसुद्धा नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर, पेठ वडगावच्या बाहेर माझ्या सासुरवाडीच्या मळ्यात. ऊन एवढं होतं की डोक्याला रुमाल बांधावा लागत होता.

आणि एक. आम्ही जैन. आमच्यात मेलेल्या माणसाचं भूत होत नाही. जीव एक देह सोडतो आणि लगेच दुसऱ्या देहात जातो. माणसाच्या, मुंगीच्या, नाहीतर पाण्यातल्या एखाद्या बारक्या किड्याच्या. पिंपळावर बसून वाट बघायला त्याला वेळच नसतो. त्यामुळे भुताला भ्यायचं आम्हाला काही कारण नाही, असं मी लोकांना मोठ्या ऐटीत ऐकवत होतो.

हे ज्याच्याबरोबर घडलं तो माझा मेव्हणा, अनेकांत.

कुठल्याही गोष्टीला अनेक बाजू असतात, असा त्या नावाचा अर्थ. आईबापांनी हौसेनं ठेवलं. याला जन्मात एकच बाजू दिसली, स्वतःची. कोल्हापुरात फ्लॅट, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ, आणि समोरचा बोलत असताना मोबाइलमध्ये बघायची सवय. गावातली माणसं त्याला अडाणी वाटायची, शहरातली बावळट वाटायची आणि स्वतःची आई तर येडीच वाटायची.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, अरुणा. मळ्यातल्या घरात एकट्या राहायच्या. घराशेजारी आड होता. त्या आडाचंच पाणी प्यायच्या, तेही गाळून. जाड पंचा दुहेरी करायचा, घागरीच्या तोंडावर धरायचा आणि त्यातून पाणी ओतायचं. गाळून झालं की पंच्यावर जे बारीक जीव राहतात ते धुऊन एका पितळी चरवीत घ्यायचे. याला आमच्यात जिवाणी म्हणतात. ती जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची असते. दुसऱ्या पाण्यात टाकली तर ते जीव मरतात.

वरून ओतायचीही नाही. उंचावरून पडूनही मरतात. म्हणून त्या चरवीच्या बुडाला एक कडी होती आणि कडीला वेगळी बारीक दोरी. चरवी सावकाश आडात सोडायची, पाण्याला टेकली की बारीक दोरी ओढायची. चरवी पाण्यातच अलगद उलटी व्हायची... डुबुक... आणि सासूबाई खाली वाकून म्हणायच्या, "जावा बाळांनो, घरला जावा."

रोज सकाळी. न चुकता.

अनेकांत हसायचा. "आई, तुझी बाळं पोचली का? मोबाइल दे त्यास्नी, मिसकॉल देतील."

सासूबाई त्याच्याकडं नुसतं बघायच्या. ज्या सकाळी सासूबाई वारल्या त्या सकाळीही त्या पाणी गाळत होत्या. आडापाशीच कोसळल्या. पंचा पिळलेला होता, जिवाणी चरवीत भरलेली होती आणि चरवी आडाच्या काठावर तशीच होती. सोडायची राहिली होती.

माझी बायको अपूर्वा, म्हणजे अनेकांतची धाकटी बहीण, रडता रडता भावाला एवढंच म्हणाली, "दादा, आईची चरवी आडात सोड."

"सोडतो की."

सोडली नाही. त्याला तिथं पाच मिनिटं वाकायचा कंटाळा आला. चरवी उन्हात राहिली आणि वाळून गेली. पुढं पावसाळ्याआधी त्यानं जेसीबी लावून आडच बुजवला. कशासाठी? तर लग्नाचं लॉन करायचं होतं. जोतिबा आणि पन्हाळ्याला येणारे पावणे म्हणे इथं थांबणार, फोटो काढणार. ज्या मळ्यात सासूबाई पायाखालची मुंगी चुकवत चालायच्या तिथं याला डीजे लावायचा होता. अपूर्वानं हातापाया पडून सांगितलं, आड तेवढा ठेव. हा मोबाइलमध्ये बघत होता.

आणि चरवी? ती याला आवडली. बुडाला कडी, म्हणजे उलटी टांगायला किती सोयीची! आत बल्ब लावायचा आणि फाटकाच्या खांबावर दिवा म्हणून लटकवायची. अँटिक पीस. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, वर टाळी मागितली.

आता खांबाचं ऐका.

फाटकाचं काम वडगावच्या निसारकडं होतं. निसार फॅब्रिकेटर, तोंडानं तोफ. हळू बोलणं त्याला माहीतच नाही. त्यानं जाड लोखंडी पाइप आणला, बुडाला प्लेट वेल्ड करून पक्का बंद केला. वरचं तोंड उघडं ठेवलं, दिव्याची वायर घालायला. पहिला खड्डा काढला तो बुजवलेल्या आडाच्या अगदी जवळ.

खड्ड्याला पाणी लागलं.

त्यात नवल काही नाही. आड बुजवला म्हणून झरा थोडाच बुजतो? नवल दुसरंच होतं. त्या दिवशी मी आणि अपूर्वा तिथंच होतो. लॉनसाठी रान सपाट व्हायच्या आत तिला आईच्या जास्वंदीची फांदी न्यायची होती. निसारची हाक ऐकून आम्ही खड्ड्याशी गेलो.

"अण्णा, हे पाणी बगा!" निसार ओरडला. "काळ्या रानातलं पाणी हाय आन् गढूळ न्हाय. बुड दिसतंय की!"

"मग काय त्याची आरती करू?" अनेकांत म्हणाला. "उपस आणि खांब उभा कर."

निसारनं बादलीनं पाणी उपसलं. खाली चिखल राहिला. बाजूंनी पाणी पाझरायला लागलं, चहासारखं तपकिरी. खड्डा परत भरला.

आणि मग...

पाणी निवळायला लागलं. गाळ खाली बसतो तसं नाही. वरून खाली, एका रेषेत. जणू कुणीतरी आतून कापड ओढत नेत होतं. बघता बघता बुडाचा खडा न् खडा दिसायला लागला.

निसारनं परत उपसलं. परत तेच. बादलीतून बाहेर टाकलेलं पाणी गढूळ, खड्ड्यातलं स्वच्छ.

"कुणीतरी गाळून सोडल्यागत येतंय," निसार म्हणाला. पहिल्यांदाच हळू बोलला.

अपूर्वा खड्ड्याच्या काठावर बसली. तिनं पाण्यात वाकून बघितलं. मीही बघितलं. त्या स्वच्छ पाण्यात बारीक पांढरे ठिपके फिरत होते. रव्याएवढे. जिवंत.

"दादा, ह्यात जीव हायत," ती म्हणाली. "आज ऱ्हाऊ दे. पाणी आपसूक उतरू दे, मग कर काय करायचं ते."

"किड्यांसाठी फाटक थांबवू?"

"त्यातलं एकेक जीव हाय दादा. आईनं जन्मभर सांभाळलं. आई आता कुठं जन्माला आली आसंल, कुणाला ठावं?"

अनेकांत खदाखदा हसला. मांडीवर थाप मारून हसला.

"म्हंजी आई ह्या खड्ड्यात हाय म्हणतीस? आयला, मग बरंच झालं की! फाटकाला राखण आयती मिळाली!"

मेव्हणा आहे म्हणून हात आवरला, नाहीतर तिथंच कानफटात दिली असती. निसारनंही मान फिरवली.

अनेकांतनं मोबाइल काढला. त्यात एक गोरा दाढीवाला पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात खांब उभा करत होता. पाणी उपसायचं नाही. खांब सरळ धरायचा, वरून सिमेंट, दगडाची कच आणि खडीचा कोरडा माल ओतायचा. माल पाणी पितो, बाकीचं बाहेर जातं, काँक्रीट घट्ट होतं. गोऱ्यानं केलं म्हणजे झालं. याच्या आईनं जन्मभर सांगितलेलं खोटं आणि कुठल्या तरी परक्या दाढीवाल्याचं वाक्य खरं.

"तुमचं फाटक, तुमचा खांब," निसार म्हणाला. "मी निस्ता धरतो. ओता तुमच्या हातानं."

त्यानं पाइप उभा धरला. अनेकांतनं कोरड्या मालाचं घमेलं उचललं आणि खड्ड्यात उपडं केलं.

माल पाण्यावर पडला...

आणि बुडाला नाही.

खरं सांगतो, बुडाला नाही. खडी, कच, सिमेंट, सगळं पाण्याच्या वर थांबलं. मधोमध थोडा झोल पडला होता. दुहेरी पंच्यात काही ओतलं की पडतो ना, तसा. आम्ही चौघांनी बघितलं.

मग खालून बारीक आवाज आला... हुश्श...

आणि सगळा माल एकदम खाली गेला.

अपूर्वा तोंडावर पदर दाबून गाडीकडं धावली. निसार पुटपुटत होता, पण पाइप त्यानं सोडला नाही. अनेकांतनं एकामागून एक घमेली ओतली. राखाडी पाणी खड्ड्याच्या काठावरून बाहेर आलं, आमच्या चपलांखाली पसरलं. त्या पाण्यात काही हलताना दिसलं नाही.

"बगा," हात झटकत तो म्हणाला. "एवढंच काम हुतं."

यापुढचं मला त्यानंच सांगितलं. आमच्या हॉलमध्ये, अपूर्वाच्या पायाशी बसून. तोवर त्याचं ताटलीएवढं घड्याळ हातात नव्हतं आणि मोबाइल कुठं आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यावर गेला. खांब सरळ उभा. काँक्रीट दगडासारखं घट्ट. मोबाइलमधला दाढीवाला खरा ठरला होता, आणि अनेकांत खूश होता.

मग त्यानं खाली बघितलं.

काँक्रीटच्या वरच्या अंगाला कापडाची वीण उमटली होती. उभे धागे, आडवे धागे, आणि एका बाजूला पंच्याच्या काठाची पट्टी.

"काल ह्याच्यावर गोणपाट टाकलंतं व्हय रं?" त्यानं निसारला विचारलं.

"न्हाय, अण्णा." निसार जवळ आला, वाकला आणि मागं सरकला. "आन् हे गोणपाट न्हवं. गोणपाटाची वीण एवढी बारीक नसती."

"मग कोंबडी नाचून गेली आसंल. काम कर."

निसारनं काम केलं. खांबाच्या वरच्या टोकाला एक हूक वेल्ड केला आणि अनेकांतनं स्वतः चरवी त्याला अडकवली. कडीतून, उलटी. लांब उभा राहून फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. अपूर्वानं तो बघितला आणि जेवली नाही.

थोड्या वेळानं चरवीतून पाणी टपकलं.

एक थेंब... मग एक...

कोरडी चरवी. वर निळं आभाळ. खालच्या मातीत ओला गोल झाला आणि मोठा होत गेला. अनेकांतनं स्टूल आणलं, वर चढला, चरवीत हात घातला. आत कोरडी होती. हात बाहेर काढला तर हात ओला.

त्याच वेळी कडी वाजली. टिण्...

वारा असेल, त्याला वाटलं. वारा नव्हता. ऊस हलत नव्हता, पाचट हलत नव्हतं.

टिण्...

चिडून त्यानं चरवी हुकावरून काढली आणि छातीशी घट्ट धरली, कडीवर अंगठा दाबून. आता वाज म्हणावं.

टिण्...

आवाज पाइपच्या आतून आला. खूप खालून.

कडी तर त्याच्या अंगठ्याखाली होती.

निसार खाली उभा होता. त्यानंही ऐकलं. वेल्डिंगचं सामान टेम्पोत टाकलं आणि गेला. नंतर निरोप धाडला, पन्हाळ्याला मोठं काम निघालंय, फाटक दुसऱ्याकडनं लावून घ्या. निसारसारखा तोंडाळ माणूस निरोप धाडतो, यातच सगळं आलं.

अनेकांत एकटाच उरला. भर दुपारी, स्वतःच्या मळ्यात, प्लास्टिकच्या स्टुलावर. त्यानं पाइपच्या उघड्या तोंडाला कान लावला.

आत दोर सरकत होता.

ओल्या दोराचा आवाज त्याला लहानपणापासून पाठ होता. दोर सरकत राहिला... सरकत राहिला... आडाला जेवढा लागायचा तेवढा. मग थांबला.

डुबुक...

आता आई ते वाक्य म्हणणार. त्याला एवढं नक्की वाटलं. आयुष्यभर ज्याची टिंगल केली ते वाक्य. तो श्वास रोखून थांबला.

काहीच आलं नाही. पाइपमध्ये नुसती शांतता होती आणि ती संपेना.

तो तसाच गाडी हाणत आमच्याकडं आला. वडगावपासून कोल्हापूरपर्यंत चरवी मांडीवर. दारातच खाली बसला.

"अपू," तो म्हणाला, "मी आईला..."

मी, खोटं कशाला बोलू, मनातून खूश झालो. बरी जिरली, म्हटलं. अपूर्वा मात्र त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. सासूबाई बघायच्या तसंच. मग आत गेली, आईचा पंचा आणून त्याच्या पुढ्यात टाकला.

"आता तू गाळ," ती म्हणाली. "रोज."

तेव्हापासून तो गाळतो. रोज सकाळी कोल्हापूरहून मळ्यावर जातो. खांबाजवळच हातभर खड्डा घेतलाय, त्यात त्याच झऱ्याचं पाणी येतं. तेवढं भरून घेतो, पंच्यातून गाळतो, जिवाणी चरवीत घेतो, स्टुलावर चढतो आणि पाइपमध्ये सोडतो. हळू, काठाला टेकवून. गळ्यात चेन घातलेला बाप्या स्टुलावर उभा राहून खांबाला पाणी पाजतोय, हे बघायला पोरं जमायची. आता जमत नाहीत. लॉन झालं नाही. फाटक लागलं नाही. दुसरा खांबही रोवला नाही. उघड्या रानात एकच खांब उभा आहे.

अपूर्वानं त्याला एकदा सांगितलं होतं, काँक्रीट फोडून टाक. तो ब्रेकरवाला घेऊन गेलाही. ब्रेकर टेकवायच्या आधी हाच आडवा पडला. आत कोण आहे ते ठाऊक नसताना वरून घाव कसा घालायचा, म्हणाला.

मला हे सगळं थोतांड वाटत होतं. मन खातंय म्हणून कान वाजतात, दुसरं काय. पण एक गोष्ट जमेना. पाइप बुडाला बंद आहे. प्लेट वेल्ड करताना मी बघितलीय, भोवती काँक्रीट आहे. रोज एवढं पाणी ओतल्यावर तो कधीच भरून वाहायला हवा होता. भरत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मी एकटा गेलो. दुपारी. गाडीतली बाटली घेतली, दुकानातली, सीलबंद, मशीनमधून शुद्ध केलेलं पाणी. ज्यात जीव म्हणून काही उरत नाही ते. स्टुलावर चढलो आणि मोठ्यानं म्हणालो, "घ्या सासूबाई, जावयाकडनं."

हो. म्हणालो मी असं. अनेकांतला हसणारा मी.

सगळी बाटली आत ओतली. पाणी खाली गेलं. आवाज नाही. कान लावला. दोर नाही, कडी नाही. काही नाही. मी हसलो आणि उतरायला लागलो.

तेव्हा आतून आवाज आला. घागर भरत आली की येतो तो... गुळगुळ... वर येणारा.

पाणी पाइपच्या तोंडातून बाहेर आलं. माझ्या हातावरून, मनगटावरून, खाली मातीत. मी ओतलं होतं तेवढंच. सगळं परत. एक घोटही ठेवून घेतला नाही.

मग कडी वाजली. टिण्...

मी स्टूल तिथंच टाकून आलो. अजून तिथंच आहे, अनेकांत त्यावरच चढतो.

अपूर्वा म्हणते, आई घेती, म्हंजी आई हाय. तिला त्यात समाधान वाटतं. पण सासूबाई तिथं असतील, तर त्या दिवशी तो माल कुणावर ओतला गेला, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. अनेकांत तर नाहीच. तो जिवाणी सोडतो, कान लावतो आणि थांबतो. दोर सरकतो, डुबुक होतं. मग तो वाट बघतो. एकदा ऐकू यावं, घरला जावा. एकदा तिनं म्हणावं. ऊन डोक्यावर येईपर्यंत स्टुलावर उभा असतो.

अजून ती म्हणालेली नाही.

मी हल्ली पाणी प्यायच्या आधी ग्लास उजेडात धरतो. घरातलं पाणी शुद्ध करायचं आमचं मशीन चांगलं आहे. पाणी स्वच्छ असतं, त्यात काहीच हलत नाही. ते बघितलं की मला ते पिववत नाही.